आतली कडी

नगरच्या सबनीस वकिलांनी पाठवलेलं कागदांचं पुडकं कोल्हारच्या स्टँडवरून वस्तीवर आलं, तेव्हा ते उघडायची घरात कुणाचीच तयारी नव्हती. सहादेवने ते ओसरीवरच्या कोनाड्यात ठेवलं, वर आपली टोपी ठेवली आणि तो हरभऱ्याकडे निघून गेला. दोन दिवस पुडकं टोपीखाली तसंच पडून राहिलं.

त्याच्या धाकट्या भावाला, गोरक्षला, शिक्षा होऊन पावणेदोन महिने झाले होते. जबरी चोरीबद्दल पाच वर्षं, पळवून नेल्याबद्दल तीन, दोन्ही एकत्र भोगायच्या. हायकोर्टात अपील करायचं तर साठ दिवसांत. निकालाच्या नकला मिळायला जे दिवस गेले ते त्यातून वजा होणार होते, तरी मुदत सरत आली होती. रविवारी वकील शिर्डीला जायचे होते. जाता जाता वस्तीवर थांबतो, म्हणाले होते. त्याआधी घराने ठरवायचं, अपील करायचं की नाही, आणि करायचं तर काय म्हणून.

तिसऱ्या दिवशी गोरक्षची बायको विजयमाला सासूसमोर जाऊन उभी राहिली.

"आत्याबाई, ते कागद मी वाचू का?"

आक्काबाई शेंगा फोडत बसली होती. तिने मान वर केली नाही. ओसरीवर सहादेव चहा पीत होता, तोच म्हणाला, "त्यात बायामानसांनी वाचन्यासारखं काय न्हाई. वकील येतोय, तो सांगंल."

"नवरा तिचा हाय," आक्काबाई म्हणाली. "आन् मॅट्रिक हाय ती. वाचू दे."

सहादेवने कप खाली ठेवला. पण टोपी त्याने स्वतः उचलली नाही. विजयमालानेच ती उचलून खुंटीला अडकवली आणि पुडकं घेतलं.

खरं सांगायचं तर तिला अपिलासाठी वाचायचं नव्हतं. तिला पाहायचं होतं की आपण लग्न केलं तो माणूस कोण आहे. गोरक्षने ते काम केलं, असंच ती गेलं वर्षभर धरून चालली होती. घरात तसं कुणी म्हणालं नव्हतं, पण नाही असंही कुणी म्हणालं नव्हतं. वाडीच्या सोसायटीत आठ पंच. चार सहादेवच्या बाजूचे, आसाराम धरून चार समोरचे. चेअरमनच्या निवडणुकीला दोन दिवस उरले असताना आसाराम सोनईहून लेकीला भेटून परत येत होता. कोल्हारच्या स्टँडवरून तो जीपमध्ये बसला आणि घरी पोचलाच नाही. मतदानाला तो नव्हता. सहादेव एका मताने चेअरमन झाला. त्याच संध्याकाळी आसाराम घरी परतला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या मेव्हण्याने, समोरच्या बाजूच्या म्होरक्याने, त्याला सोबत घेऊन फिर्याद दिली: गोरक्षने आपल्याला जबरदस्तीने नेलं, नदीकाठच्या इंजिनाच्या खोलीत कोंडलं, हातातलं घड्याळ आणि अंगठी हिसकावून घेतली. घड्याळ आणि अंगठी गोरक्षच्या पेटीत सापडली. विजयमालाच्या समोरच पोलिसांनी तिचा लग्नातला शालू बाजूला सारून ती काढली होती.

कोर्टात घराने सांगितलं की गोरक्ष त्या दिवसांत राहात्याला, सासरी होता. विजयमालाच्या वडलांनी पिंजऱ्यात उभं राहून तसं शपथेवर सांगितलं. ते खोटं होतं. विजयमाला त्या दिवसांत इथेच भाकरी थापत होती आणि गोरक्ष रोज घरी जेवत होता. आपल्या वडलांना खोटं बोलावं लागलं, म्हणजे खरं त्याहून वाईट असणार, असा सरळ हिशेब तिने केला होता.

निकाल इंग्रजीत होता. त्याची पानं तिने बाजूला ठेवली. जबान्या मात्र मराठीत होत्या, टाइप केलेल्या, कार्बनच्या फिकट अक्षरात. लिंबोणीच्या सावलीला बसून ती एकेक ओळ वाचू लागली. आधी भीत भीत, मग नीट, मग बोट ठेवून.

पहिल्यांदा ती अडली ती भीमाबाईच्या जबानीत. भीमाबाई आसारामची बायको. तिने सांगितलं होतं, 'नवरा घरी आला नाही म्हणून मी कोणाकडे चौकशी केली नाही. दुसऱ्या दिवशीही केली नाही. मी नेहमीप्रमाणे खुरपायला गेले.' विजयमालाने ते तीनदा वाचलं. सोनईहून सांजच्या गाडीने येणारा नवरा येत नाही, आणि बाई सकाळी खुरपायला जाते. गोरक्षला तालुक्याहून यायला तासभर उशीर झाला तरी ती स्वतः बांधापर्यंत जाऊन यायची.

दुसऱ्यांदा ती अडली आसारामच्या उलटतपासात. आपल्या वकिलांनी त्याला विचारलं असणार की, तू गोरक्षला ओळखलंस कसं? कारण त्याचं उत्तर असं लिहिलं होतं: 'दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजले म्हणून मी उठून कडी काढली. आठ वाजून गेले होते, मी घड्याळात पाहिले. दारात आरोपी डबा घेऊन उभा होता. त्याच्या तोंडावर ऊन होते, त्यामुळे चेहरा स्पष्ट दिसला. डब्यात शेंगोळे होते. गरम होते. माझी दाढ दुखत होती म्हणून मी आदल्या दिवशी मऊ खायला मागितले होते.'

विजयमालाने कागद मांडीवर ठेवला. शेंगोळे. त्या सकाळचे शेंगोळे तिला आठवत होते. मालनबाई, सहादेवची बायको, अंधार असतानाच उठून हुलग्याचं पीठ मळत बसली होती. घरात शेंगोळे आवडीने खाणारं कुणी नाही, म्हणून विजयमालाने विचारलंही होतं, कुणासाठी? 'मला खावंसं वाटलं,' मालनबाई म्हणाली होती. पण स्वतः तिने चपातीच खाल्ली होती.

मालनबाई चुलीपुढे होती. विजयमाला तिच्याजवळ जाऊन बसली, एक लाकूड आत सारलं.

"बाई, एक इचारू? शेंगोळे तुमी कुनाला केले हुते?"

मालनबाईने कशाचे, कधीचे, असं विचारलं नाही. तव्यावरची भाकरी उलटवायची राहिली आणि करपल्याचा वास सुटला, तेव्हा तिने ती उलटवली.

"वाचलंस व्हय," ती म्हणाली.

"आसारामनं कोर्टात सांगितलंय, गरम हुते म्हनून."

"गरमच दिले हुते मी. डबा फडक्यात गुंडाळून." मालनबाईने दाराकडे पाहिलं. सहादेव रानात होता. "विजे, मी तुला सांगितलं असतं. पन ह्यांनी मला शपथ घातली. आन् मला वाटलं, सुटंल गोरक्ष. वकील म्हनत हुता, सुटंल."

"मग आता सांगा."

आणि मालनबाईने सांगितलं, भाकऱ्या थापत थापत, एवढ्या हळू आवाजात की विजयमालाला वाकून ऐकावं लागलं. आसारामला कुणी पळवलं नव्हतं. मेव्हण्याचा जाच त्याला नको झाला होता, पण उघड त्याच्याविरुद्ध जायची छाती नव्हती. त्यानेच सहादेवला निरोप धाडला: मला दोन दिवस कुठंतरी ठेवा, मी मतदानाला येत नाही, मागाहून सांगेन मला नेलं होतं म्हणून. जीप सहादेवने आणली. खोली सहादेवची. डबे मालनबाईचे. गोरक्षचं काम एवढंच, डबा पोचवायचा. घड्याळ आणि अंगठी आसारामने आपल्या हाताने काढून त्याच्याजवळ दिली, भीमाबाईला बेत ठाऊक आहे, तिला नेऊन दाखव, म्हणजे कळेल मी सुखरूप आहे. गोरक्ष दाखवून आला. भीमाबाई म्हणाली, तुझ्याजवळच असू दे, घरात मेव्हण्याच्या नजरेस पडेल.

"मग तो आसाराम उलटला कसा?"

"मेव्हन्यानं घरी येऊन गळा धरला. खरं बोलला असता तर जितं सोडला नसता त्यानं. मग काय, पळवलंच म्हनला." मालनबाईने हात धुतले. "आन् हे म्हनले, गोरक्षला राहात्याला दाखवू. म्हंजी खोलीत काय झालं ते कुनी इचारायचंच न्हाई."

विजयमाला उठली. तिला राग आला पाहिजे होता, आणि तो आलाही, पण त्याच्याही आधी तिला हलकं वाटलं. तिच्या नवऱ्याने कुणाच्या हातातलं घड्याळ हिसकावलं नव्हतं. एवढंही वर्षभर तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ती परत लिंबोणीखाली आली आणि पुन्हा पहिल्या पानापासून वाचू लागली. आता तिला गोष्ट माहीत होती. आता तिला पाहायचं होतं, ती कागदात कुठे कुठे सांडली आहे.

*

रविवारी सबनीस वकील आले. पन्नाशीचे, बारीक, धोतरावर काळा कोट. ओसरीवर घोंगडी अंथरली होती. एका बाजूला सहादेव, भिंतीला टेकून आक्काबाई, आणि दाराच्या आत, चौकटीला धरून दोघी जावा.

वकिलांनी चहा घेतला आणि सरळ सांगितलं, "अपील होईल. पण उगाच आशा लावत नाही. गोरक्ष राहात्याला होता हे सेशन जज्जांनी मानलं नाही. हायकोर्टही मानेल असं मला वाटत नाही."

"तरी त्याच मुद्द्यावर करा," सहादेव म्हणाला. "दुसरा काय मुद्दा हाय?"

"दुसरा नाही, हेच तर दुखणं आहे."

"हाय," विजयमाला म्हणाली.

थोरल्या दिरासमोर ती आजवर मोठ्याने बोलली नव्हती. सहादेवने वळून पाहिलं नाही, पण त्याची पाठ ताठ झाली. विजयमालाने पदर सारखा केला आणि उंबऱ्याच्या बाहेर येऊन कागद वकिलांपुढे ठेवले. दोन ठिकाणी तिने सुईने दोरा ओवून खूण केली होती.

"हा जागेचा पंचनामा. इथं वाचा."

वकिलांनी चष्मा चढवला. "'खोलीस एकच दार असून त्यास आतील बाजूस लोखंडी कडी आहे. बाहेरील बाजूस कडी अगर कोयंडा नाही.' बरं."

"आता आसारामची जबानी. दोरा हाय तिथं."

"'दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजले म्हणून मी उठून कडी काढली...'" वकील थांबले. पुन्हा मागे गेले. ओठ हलवत त्यांनी ती ओळ मनात वाचली.

"कोंडलेला मानूस आतून कडी लावून झोपतो का?" विजयमालाने विचारलं. "आन् दार वाजवून त्याला उठवत्यात का?"

वकील कागदावर आणखी वाकले. त्यांचं बोट पुढे सरकलं आणि एका जागी येऊन टेकलं.

"घड्याळ," ते म्हणाले.

"काय घड्याळ?" आक्काबाईने विचारलं.

"फिर्यादीत तो म्हणतो, स्टँडवरून निघाल्यावर जीपमध्येच घड्याळ हिसकावलं. आणि इथे म्हणतो, दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळात पाहिलं, आठ वाजून गेले होते." त्यांनी चष्मा काढला. "प्रश्न मीच विचारला होता. हे उत्तर माझ्यासमोर आलं. मी फक्त ऐकत होतो, ह्याने चेहरा ओळखला की नाही. गोरक्ष तिथे नव्हताच असं आपण म्हणत होतो. मग खोलीत काय घडलं, कडी कुठे होती, हे मी विचारणार तरी कसं?"

ही ओळ तिच्या नजरेतूनही निसटली होती. कडीच्याच पुढची ओळ. तिला स्वतःचा थोडा रागच आला.

"म्हंजी अपील लागंल?" आक्काबाईने विचारलं.

"लागेल. नवी साक्ष सहसा घेत नाहीत तिथे, पण ही जुनीच आहे, कागदावर आलेली." वकील सहादेवकडे वळले. "मात्र राहात्याचा मुद्दा सोडावा लागेल. आसाराम खुशीने राहिला, असं म्हणावं लागेल. खुशीने राहिला तर कुणाच्या सांगण्यावरून, कुणाच्या फायद्यासाठी, हे सगळं त्यामागून येणार. हायकोर्टात ह्या सगळ्या कागदांची छापील पोथी होते. नगरपर्यंत बातमी येईल."

सहादेव घोंगडीचा एक धागा ओढत होता.

"तो खुशीनं राहिला हे कुनी सांगितलं?" तो म्हणाला. "त्याचं त्यानं कडी काढली असंल. राखन बाहेर बसली असंल. वकीलसाहेब, लेखी काय बी असतं. घराची अब्रू त्याच्यावर टांगायची का?"

"राखन कोन हुतं?" आक्काबाईने विचारलं.

सहादेवने धागा बोटाला गुंडाळला.

"सहादेव, तुला इचारते. राखन कोन हुतं?"

"आई, त्यात तू पडू नको."

म्हातारीने मग मुलाला सोडलं आणि आत पाहिलं. "मालन, इकडं ये."

मालनबाई चौकट सोडून बाहेर आली. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. नवऱ्याच्या शब्दापुढे दुसरा शब्द तिने कधी काढला नव्हता, आणि हे ओसरीवरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. सहादेवने आता तिच्याकडे पाहिलं. त्याच्या पाहण्यात धाक नव्हता. विजयमालाला नवल वाटलं ते त्याचंच. तो विनवत होता.

"राखन कुनी नव्हतं, आत्याबाई," मालनबाई म्हणाली. "त्यो आपनहून आला हुता. शेंगोळे मी केले. पहिल्या दिवशी पिठलं-भाकरी बी मीच धाडली. ह्यांनी सांगितलं म्हनून."

वकिलांनी कागदांकडे मान खाली घातली. गोठ्यात वासराच्या गळ्यातली घंटा वाजत राहिली.

"मला वाटलं, सुटंल तो," शेवटी सहादेव म्हणाला, आईकडे न पाहता. "पहिल्या तारखेला वाटलं, दुसऱ्या तारखेला वाटलं. मग इतकं पुढं गेलं की मागं कसं यावं ते कळंना."

"आन् त्यानं तुझं नाव घेतलं न्हाई."

"न्हाई घेतलं."

आक्काबाईने गुडघ्यावर हात टेकून स्वतःला उठवलं. ती सहादेवजवळ गेली. ती मारते की काय, असं विजयमालाला क्षणभर वाटलं. म्हातारीने फक्त त्याच्या खांद्याला धरलं, तोल सावरावा तसं.

"तुला चेअरमन म्हनायला मला बी बरं वाटायचं," ती म्हणाली. "मी बी इचारलं न्हाई. आता इचारलंय. वकिलाला काय लिव्हायचं ते तू सांग. मी सांगनार न्हाई."

सहादेव उठला, जोडे घातले आणि वस्तीच्या कडेने नदीकडे चालू लागला. वकील घड्याळ पाहू लागले. त्यांची शिर्डीची वेळ टळून गेली होती, पण ते उठले नाहीत. त्यांनी विजयमालाला जवळ बसवून घेतलं आणि आणखी काय सापडलं ते विचारू लागले. तिने भीमाबाईची जबानी दाखवली. त्यांनी ती लिहून घेतली. "तुम्ही अजून एकदा सगळं वाचा," ते म्हणाले. "मी पण वाचतो. माझ्या डोळ्यांना आता सवय झाली आहे."

तासाभराने सहादेव परत आला. ओसरीवर न चढता अंगणातूनच बोलला.

"लिहा, वकीलसाहेब. काय हाय ते लिहा. आन् येरवड्याला सही घ्यायला ह्या दोघींना न्हेतो मी. आईला आन् तिला."

विजयमालाकडे त्याने तेव्हाही पाहिलं नाही. तिच्याशी तो नीट बोलला तो पुढच्या दिवाळीनंतर.

*

अपील दाखल झालं. जामीन मिळाला नाही. सहादेवने वार्षिक सभेची वाट न पाहता राजीनामा दिला, आणि समोरच्या बाजूचा माणूस त्या जागी बसला. वाडीत सगळ्यांना सगळं कळलं. बाजारात काही जण सहादेवला टाळू लागले. विजयमालाचे वडील राहात्याहून आले, जावयासाठी शपथ मोडली ती मोडली, वर फुकट गेली, असं म्हणून ओसरीवर बराच वेळ बसून राहिले. दोन्ही जावा एका चुलीवर होत्या, पण आता मालनबाई आधी विजयमालाला विचारायची आणि मग काय ते करायची, आणि सहादेव ते मुकाट्याने पाहायचा.

पुढच्या साली पाऊस झाला नाही. प्रवरेचं पात्र कोरडं पडलं, इंजिन बंद राहिलं, आणि पूर्वेकडच्या गावांतली माणसं दुष्काळाच्या, खडी फोडायच्या कामांवर गेली. त्या उन्हाळ्यात, शिक्षेला दीड वर्ष होत आलं असताना, मुंबईहून निकाल आला. दोन्ही गुन्ह्यांतून गोरक्ष सुटला. सबनीस वकिलांनी पत्रात लिहिलं होतं की न्यायमूर्तींनी घड्याळाची ओळ भर कोर्टात दोनदा वाचून घेतली, आणि खालच्या कोर्टात हे कुणी विचारलं कसं नाही, असं सरकारी वकिलांनाच नव्हे, सगळ्यांनाच विचारलं.

गोरक्ष एस.टी.ने आला. कोल्हारच्या स्टँडवर त्याला घ्यायला सहादेव बैलगाडी घेऊन गेला होता. भाऊ भाऊ काय बोलले ते कुणाला कळलं नाही. घरी येताना गाडी गोरक्ष हाकत होता आणि सहादेव मागे बसला होता, एवढं विजयमालाने पाहिलं. आक्काबाईने त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. गोरक्ष वाळला होता. हाताची कातडी जाड झाली होती. जेवताना तो भराभरा जेवला आणि मग एकदम हळू झाला, कुणी घाई करणार नाही हे आत्ता आठवल्यासारखा.

दुपारी तो लिंबोणीखाली आडवा झाला. विजयमाला शेजारी बसली. गेलं दीड वर्ष तिने त्या जबान्या इतक्या वेळा वाचल्या होत्या की आसाराम काय म्हणाला, फौजदार काय म्हणाला, पंच काय म्हणाले, हे तिला पाठ होतं. एका माणसाचं मात्र त्या सगळ्या कागदांत काहीच नव्हतं. शेवटी जज्जांनी आरोपीला विचारलेलं, त्याखाली सगळीकडे एकच उत्तर: 'मला काही सांगायचे नाही.'

"एक इचारते," ती म्हणाली. "रागवायचं न्हाई."

"इचार."

"तुमी गप का बसलात? दादांसाठी?"

गोरक्ष बराच वेळ वर फांद्यांकडे पाहत राहिला. सांगावं की नाही असं त्याच्या तोंडावर नव्हतं. तो खरंच आठवत होता.

"दादासाठी बी," तो म्हणाला. "पन तेवढंच न्हाई. फौजदारानं इचारलं, घड्याळ कुठं ठेवलंस. वकिलानं इचारलं, राहात्याला कितीच्या गाडीनं गेलास. दादा म्हनला, आसं सांग. आई म्हनली, देवाचं नाव घे." तो कुशीवर वळला. "काय झालं हुतं, आसं मला कुनी इचारलंच न्हाई, विजू. तू बी न्हाई."

विजयमालाने मान हलवली. तिने विचारलं नव्हतं.

"आता इचारते," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगा."

तो उठून बसला, पाठ झाडाला टेकवली, आणि सांगू लागला.